मिस्ट
खेळाडूच्या नजरेतून खेळला जाणारा, कोड्यांवर आधारलेला संगणकीय साहसखेळ. अमेरिकेतील रँड व रॉबिन मिलर या बंधूंच्या सायन कंपनीने तो हायपरकार्ड प्रणालीवर रचला. ब्रॉडरबंडने १९९३ मध्ये मॅकिंटॉशसाठी प्रकाशित केला (पहा : संगणक). नावामागे झ्यूल व्हेर्न यांच्या गूढ बेटावरील कादंबरीची प्रेरणा आहे.

खेळाडू एका निर्मनुष्य बेटावर येतो. लाल व निळ्या पुस्तकांत अडकलेले सिरस व अकेनार हे भाऊ त्याच्याकडे हरवलेली पाने मागतात; त्यांसाठी इतर जगांत जावे लागते. शत्रू, गुण, कालमर्यादा यांपैकी काहीच नाही. दृश्ये ही आधी तयार केलेली स्थिर त्रिमित चित्रे असून टिचकी मारली की पुढचे चित्र येते. ध्वनी केवळ वातावरणनिर्मितीपुरता नाही : बेटावरील एका रॉकेटमधील वाद्याच्या पट्ट्या वाजवून सूर ध्यानात ठेवावे लागतात व सरकत्या खुंट्या नेमक्या त्याच सुरांवर आणाव्या लागतात. भुयारातील वाहनाची दिशाही आवाजावरूनच ओळखायची असते. नवख्याचा कस लागतो तो येथे.

सीडी-रॉमच्या प्रसाराला या खेळाने हातभार लावला (पहा : प्रकाशीय तबकडी). ‘रिव्हन’ हा त्याचा पुढील भाग १९९७ मध्ये आला. ‘मिस्ट’च्या ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या, २००२ मध्ये ‘द सिम्स’ने संगणकीय खेळांतील खपाचा हा विक्रम मोडला.