शास्त्राध्ययनानंतरची उपजीविका : अदालती शास्त्री व त्यांचे कागद

जुन्या शास्त्री घराण्याचें दप्तर पाहावयास मिळालें म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांचा हात प्रथम पोथ्यांकडे जातो. बासनांत बांधलेल्या मिताक्षरेची किंवा निर्णयसिंधूची प्रत शककाल, लेखकाचें नांव आणि पत्रसंख्या यांसह टिपून घेतली जाते. पोथ्यांखालीं दडलेले मोडी-बाळबोध सुटे कागद मात्र ‘किरकोळ’ म्हणून बाजूस पडतात, व पुढें घर मोडलें म्हणजे रद्दींत जातात. एक तप धर्मशास्त्र पढून बाहेर पडलेला मनुष्य पुढें कशावर जगला, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. आणि त्याचें उत्तर पोथींत क्वचित्, पण या किरकोळ कागदांत पुष्कळदां सांपडण्याजोगें असतें, असें आमचें म्हणणें आहे.

पेशवाईंत या प्रश्नास दोन उत्तरें होतीं : दक्षिणा आणि राजसेवा. श्रावणमासाची दक्षिणा प्रथम तळेगांवास सेनापति दाभाडे देत. पुढें ती पुण्यास आली व पर्वतीच्या रमण्यांत वांटली जाऊं लागली. विद्वानांची परीक्षा होऊन योग्यतेप्रमाणें रक्कम ठरत असल्यामुळें ती एका अर्थीं पदवीच होती. राजसेवेचें सर्वश्रुत उदाहरण रामशास्त्री प्रभुणे यांचें. काशीस अध्ययन करून आलेले हे गृहस्थ १७५९ सालीं पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश झाले, आणि १७७३ सालीं नारायणरावाच्या खुनानंतर त्यांनीं धरलेली वाट सर्वांस ठाऊक आहे. परंतु रामशास्त्री एकच होते. इतर शेंकडों शास्त्री दक्षिणा, अग्रहार, पाठशाळा व पुराण यांवर निर्वाह करीत.

१८१८ सालीं राज्य गेलें, तरी शास्त्र्यांची वाट लगेच बुजली नाहीं. एल्फिन्स्टन साहेबांनीं दक्षिणा अजीबात बंद न करतां ती पन्नास हजार रुपयांपर्यंत राखिली, आणि तिच्याच कांहीं अंशांतून कमिशनर चापलिन यांनीं ६ आक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबाग वाड्यांत पाठशाळा स्थापिली. तेथें न्याय, व्याकरण, वेदांत, अलंकार, ज्योतिष यांबरोबर धर्मशास्त्रहि शिकवीत. यांपैकीं धर्मशास्त्रालाच बाजारांत थेट गिऱ्हाईक होतें. तें गिऱ्हाईक म्हणजे कंपनीची अदालत.

वारसा, विवाह इत्यादि बाबतींत हिंदूंस त्यांच्या शास्त्राप्रमाणें न्याय द्यावा, असें वारन हेस्टिंग्स यांनीं १७७२ सालींच बंगाल्यांत ठरविलें होतें. मुंबई इलाख्यांत १८२७ सालच्या चौथ्या कायद्यानें, सरकारी कायदा नसेल तेथें प्रथम देशरिवाज व तो नसल्यास प्रतिवादीचें शास्त्र, असा क्रम लावला. इंग्रज न्यायाधीशास संस्कृत येत नसल्यामुळें अदालतीस पगारी शास्त्री नेमणें ओघानेंच आलें. न्यायाधीशानें मुद्दा लिहून विचारावा, शास्त्र्यानें उत्तर लिहावें, व खालीं मिताक्षरा, व्यवहारमयूख अशा आधारग्रंथांचा हवाला द्यावा, असा परिपाठ होता. दत्तक कोणीं घ्यावा, विभक्त मयताची विधवा वारस कीं भाऊ, गोसाव्याच्या मागें त्याची मिळकत कोणत्या चेल्यास जावी, असे हे प्रश्न. दुसऱ्या प्रांतींहि हीच तऱ्हा होती. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजांतील ईश्वरचंद्र विद्यासागर यांनीं १८३९ सालीं हिंदु कायद्याची परीक्षा दिली, तेव्हां त्यांस त्रिपुरा जिल्ह्याच्या जज्ज-पंडिताची जागा मिळत होती; वडिलांच्या अनिच्छेमुळें ती त्यांनीं घेतली नाहीं.

या शास्त्र्यांवर आक्षेप पुष्कळ झाले. ते पक्षकारांकडे पाहून शास्त्रार्थ फिरवितात, असा संशय सर विल्यम जोन्स यांच्यापासून चालत आला होता, आणि स्वतः संस्कृत शिकण्याचें तेंहि जोन्स यांचें एक कारण होतें. हळूहळू शास्त्र्यांवांचून भागविण्याचीं साधनें तयार झालीं. कोलब्रुक यांनीं मिताक्षरेच्या दायभागाचें भाषांतर १८१० सालीं छापिलें. बोरोडेल यांचें मयूखाचें भाषांतर १८२७ सालीं झालें. छापील निवाडेहि सांठत गेले. १८६२ सालीं हायकोर्ट आलें, आणि १८६४ च्या अकराव्या कायद्यानें अदालतींतील शास्त्री व काजी यांच्या जागा काढून टाकण्यांत आल्या. राजाज्ञेनें निर्माण झालेली वृत्ति राजाज्ञेनेंच नाहींशी झाली.

या प्रसंगीं एक गोष्ट घडली, तिचें महत्त्व आम्हांस विशेष वाटतें. एल्फिन्स्टन कॉलेजांत १८६३ सालीं आलेले डॉ. ब्यूलर आणि न्यायाधीश रेमंड वेस्ट यांनीं इलाख्यांतील निरनिराळ्या अदालतींच्या शास्त्र्यांचीं उत्तरें जमवून, त्यांवर टीपा लिहून हिंदु कायद्याचा संग्रह छापिला. वारशाचा भाग १८६७ सालीं व वांटणीचा १८६९ सालीं निघाला. या शास्त्र्यांची विद्या आज प्रत्यक्ष तोलून पाहतां येते, ती मुख्यत्वेंकरून याच ग्रंथामुळें. परंतु तींतहि उत्तरें इंग्रजींत, निवडलेलीं व विषयवार लाविलेलीं आहेत. शास्त्र्याचे मूळ शब्द, त्याच्या पहिल्या खर्ड्यांतील खाडाखोड, पक्षकाराचें पत्र, हीं त्यांत नाहींत. लांचाचा आरोप खरा कीं खोटा, हें ठरविण्यास नेमकीं हींच साधनें लागतात.

जागा गेल्यावर शास्त्रविद्येस तीन वाटा उरल्या. पहिली शिक्षणखात्याची. पाठशाळेंत मोरशास्त्री साठे यांच्याजवळ शिकलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर हिचे अग्रणी. त्यांचें साक्रेतीसाचें चरित्र १८५२ सालीं निघालें. पुढें ते सरकारी भाषांतरकार व ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख झाले. खुद्द पाठशाळाहि १८५१ सालीं इंग्रजी शाळेशीं जोडली जाऊन १८६४ सालीं डेक्कन कॉलेज या नांवास पोंचली होती.

दुसरी वाट वकिलीची. पण ती शास्त्र्यांच्या हातून इंग्रजी शिकलेल्यांकडे गेली. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक यांनीं १८८० सालीं मयूख व याज्ञवल्क्यस्मृति भाषांतरासह प्रसिद्ध केली, ते वकील. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं १९३० ते १९६२ या काळांत धर्मशास्त्राचा इतिहास पांच खंडांत लिहिला, तेहि हायकोर्टाचे वकीलच.

तिसरी वाट पोथ्यांची. १८६८ सालीं सरकारनें संस्कृत पोथ्यांचा शोध हातीं घेतला, व त्याच सालीं मुंबई संस्कृत ग्रंथमालेस आरंभ झाला. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर यांच्या अहवालांवर नांवें त्यांचीं आहेत. पण जुन्या पोथ्या वाचणें, ताडून पाहणें व नकलणें हें शास्त्र्यांच्या विद्येवांचून होणारें काम नव्हतें. भीमाचार्य झळकीकर यांचा न्यायकोश, वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांची १९२४ ची सर्वदर्शनसंग्रहाची आवृत्ति, वाईच्या प्राज्ञपाठशाळेचा धर्मकोश, हीं याच वाटेवरचीं फळें. त्या पाठशाळेचे लक्ष्मणशास्त्री जोशी तर पुढें मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. सरकारनें जमविलेल्या पोथ्या १९१८ सालीं डेक्कन कॉलेजांतून भांडारकर संस्थेंत आल्या व आज तेथें सुरक्षित आहेत.

यांतून आम्हांस दिसतें तें असें. ज्ञान तेंच राहिलें, पण त्याचा धंदा बदलला : जो निर्णय देत असे, तो ग्रंथ राखूं लागला. ग्रंथरक्षणाचा लाभ आपण सर्व घेत आहों. परंतु त्या शोधाची दृष्टि ग्रंथावर होती, म्हणून ग्रंथ वांचले, आणि निर्णयांचे कागद घरोघर पडून राहिले. तीच दृष्टि आम्हां संग्राहकांत उतरली आहे. आजहि धर्म व दर्शन यांत उच्च पदवी घेतलेला विद्यार्थी पुढें काय करावें म्हणून विचारतो, तेव्हां आपण त्यास अध्यापन किंवा पोथ्यांची सूची हीं दोनच कामें सुचवितों. २००३ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय हस्तलिखित मोहीम सुरू केली, तिचाहि पहिला भर पोथ्यांच्या नोंदीवरच होता. या विद्यार्थ्यास धर्मशास्त्राबरोबर मोडी शिकवून शास्त्र्यांच्या दप्तरांकडे पाठविलें, तर एक नवें काम त्यास मिळेल व इतिहासासहि मिळेल.

म्हणून संग्राहक मित्रांस आमची विनंति इतकीच, कीं पोथी घेतांना तिच्या बासनांतील सुटे कागद वेगळे काढूं नयेत. कोणता कागद कोणत्या पोथींत सांपडला याची नोंद ठेवावी. आणि पृष्ठभागीं प्रश्न व खालीं ग्रंथांचीं नांवें असा एखादा कागद आढळल्यास, तो कितीहि फाटका असला तरी, त्याची नक्कल करून ठेवावी. शास्त्र्याची पोथी बहुधा दुसरीकडेहि मिळते; त्याचा निर्णय एकदांच लिहिला गेलेला असतो.