मिरजेच्या खाँसाहेबांचीं मुलें आणि त्यांचीं आडनांवें

विवाहाचें बंधन आणि पुरुषाचा पेशा ह्यांचा संबंध आपल्या ग्रंथकारांस चांगला ठाऊक होता. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत परस्परद्वेषामुळें होणारा मोक्ष सांगितला आहे (धर्म्य विवाहांस तो नाहीं), आणि परदेशीं गेलेल्या पतीची वाट किती वर्षें पाहावी हें त्याच्या कामावरून ठरविलें आहे. विद्येसाठीं गेलेल्या ब्राह्मणाची दहा वर्षें, स्त्री लेकुरवाळी असल्यास बारा. राजपुरुषाची मात्र आमरण. मूल येथें मुदत वाढविण्यापुरतें हिशेबांत येतें. घर मोडल्यावर मूल कोणाकडे जातें, आणि त्यांत आईबापांच्या पेशाचा वाटा किती, हें पाहावयाचें तर आपल्याच टापूंतील एक उदाहरण हाताशीं आहे.

खाँसाहेब अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) हे मूळचे किराण्याचे, बडोदें दरबारचे गवई. पुढें मिरजेचे म्हणूनच ओळखले गेले. मिरज तेव्हां पटवर्धनांचें संस्थान होतें. १९४९ मध्यें दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० मध्यें त्यास सांगली नांव मिळालें. जुने कागद शोधणारानें हीं सर्व नांवें ध्यानांत ठेवावीं. बडोद्याचे सरदार मारुतीराव माने ह्यांच्या कन्या ताराबाई ह्यांच्याशीं खाँसाहेबांचा संबंध जुळला, आणि दोघांस बडोदें सोडावें लागलें. त्यांस पांच मुलें झालीं. त्यांपैकीं हिराबाईंचा जन्म १९०५ चा, मिरजेचा. साधारणतः १९२२ मध्यें ताराबाई मुलांस घेऊन खाँसाहेबांपासून विभक्त झाल्या.

येथें संशोधकानें थोडें थांबावें. ज्येष्ठ पुत्र अब्दुल रहमान त्या वेळीं विशीचे, चंपाकली सतरा वर्षांच्या, धाकट्या सकीना नऊ वर्षांच्या. म्हणजे ‘ताबा’ हा शब्द सर्व भावंडांस सारखा लागू पडत नाहीं. हनफी मताप्रमाणें मुलगी वयांत येईपर्यंत आईकडे राहते. तो नियम लावला तरी सकीना आईकडेच जाती. १८९० चा पालक व पाल्य ह्यांविषयींचा कायदा पाहिला, तर त्याच्या सतराव्या कलमांत मुलाचें वय, लिंग व धर्म, आणि नियोजित पालकाचें शील व पात्रता पाहावी असें आहे. पेशाचें नांव तेथें नाहीं. तो शिरतो तो ‘पात्रता’ ह्या शब्दाच्या दारानें.

खाँसाहेबांची पात्रता ह्या दृष्टीनें कशी मोजावी? त्यांचा पेशा फिरतीचा. म्हैसूर दरबारापर्यंत त्यांचें जाणेंयेणें असे. पुण्यास त्यांनीं १९१३ च्या सुमारास आर्य संगीत विद्यालय काढलें. शिष्यांस ते घरींच ठेवीत, त्यामुळें घर आणि विद्यालय ह्यांच्यामध्यें भिंत अशी नव्हतीच. अशा घरांत बायको ही गुरुपत्नी आणि कारभारीण, आणि मुलें हीं शिष्य. माझी समजूत अशी कीं, हेंच त्या संसाराचें बळ आणि हाच त्यांतला ताण. शिष्य श्री. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी ह्यांनीं १९७२ मध्यें प्रसिद्ध केलेलें खाँसाहेबांचें चरित्र ह्या प्रकरणीं वाचावें. मात्र तें शिष्याचें लेखन आहे, ताराबाईंची बाजू त्यांत त्याच ममतेनें यावी अशी अपेक्षा धरूं नये.

मुलांस नवीं नांवें मिळालीं. अब्दुल रहमान झाले सुरेशबाबू माने, त्यांचे बंधु कृष्णराव माने. चंपाकली झाल्या हिराबाई बडोदेकर, गुलाब कमलाबाई बडोदेकर, आणि सकीना पुढें सरस्वतीबाई राणे. पुत्रांनीं मातामहाचें आडनांव घेतलें, थोरल्या दोघी कन्यांनीं मातामहाच्या गांवाचें. बापाचें कोणीच नाहीं. न्यायालयाचा निकाल हातीं नसतां हीं आडनांवेंच येथें कागदाचें काम करितात.

बापाचा पेशा मात्र आईबरोबर गेला. सुरेशबाबू व हिराबाई ह्यांची तालीम पुढें चालली ती त्याच किराणा घराण्यांतील अब्दुल वहीदखाँ ह्यांच्याकडे. ह्या कुटुंबानें नूतन संगीत विद्यालय काढलें, त्याच्या नाट्यशाखेंतून नाटकें केलीं. म्हणजे जें काम खाँसाहेब करीत तेंच आई मुलांस घेऊन करूं लागली. नांव सोडतां आलें, गळा सोडतां आला नाहीं.

मी साताऱ्यास शिक्षक असतां शाळेच्या दाखल-नोंदींत ‘पालकाचा धंदा’ असा एक रकाना असे. एका मुलाच्या नांवापुढें ‘फौजेंत नोकर’ हें खोडून मीच ‘इस्पितळांत नर्स’ असें लिहिलें. आईबाप वेगळे झाले होते. बापाकडील मंडळी म्हणत, रात्रपाळी करणारी बाई मूल काय सांभाळणार? बाप सरहद्दीवर असे, हें त्यांच्या ध्यानांत येत नव्हतें. त्या खोडलेल्या शब्दाखालीं मीं तारीख घातली नाहीं, ही माझी चूक. उद्यां कोणी ती वही पाहील त्यास घर केव्हां मोडलें हें कळणार नाहीं.

अलीकडे न्यायालयांत ह्या रकान्याचा अर्थ पालटत आहे. जुलै २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें पुण्याच्या कुटुंब न्यायालयाचा आदेश रद्द करून एका मातेस नोकरीसाठीं मुलीसह पोलंडास जाण्याची मुभा दिली. नोकरी किंवा मूल ह्यांतून एक निवड, असें तिला सांगतां येणार नाहीं असा त्याचा भाव. कौटिल्याच्या गणनेंत प्रवासी पुरुष होता. येथें प्रवासी स्त्री आहे, आणि मूल तिच्याबरोबर निघालें आहे.

असो. खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजीं पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर निवर्तले. त्यांची कबर मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत आहे. ज्या संग्राहकांपाशीं ह्या दोन्ही घरांचीं जुनीं ध्वनिमुद्रिका, हस्तपत्रकें किंवा विद्यालयांचे कागद असतील, त्यांनीं मुद्रिकांवरील कागदी चकत्याही जपाव्या. कोणतें नांव कोणत्या सालीं छापलें गेलें, हें त्यांवरूनच लागेल.