रक्तातला गुन्हा : एका कायद्याने मानलेली आनुवंशिकता

१/ माणसाचा स्वभाव रक्तातून येतो की परिस्थितीतून घडतो? हा प्रश्न केवळ पंडितांच्या चर्चेत राहिला असता, तर त्याचा इतिहास इतका कडू झाला नसता. १२ ऑक्टोबर १८७१ रोजी हिंदुस्थानातील ब्रिटिश सरकारने त्याचे उत्तर कायद्यानेच देऊन टाकले: काही जमातींत जन्मलेले मूल जन्मतःच गुन्हेगार. आजचा हा धागा त्या उत्तराविषयी आहे. त्या उत्तराला छेद देणारा एक अहवाल जवळपास पन्नास वर्षे आधीच त्याच साम्राज्याच्या दप्तरी दाखल झालेला होता, त्याविषयीही आहे.

२/ हा 'गुन्हेगार जमाती कायदा', म्हणजे १८७१ चा २७वा अधिनियम. एखादी जमात पद्धतशीरपणे गुन्हे करण्यास सवकलेली आहे असे प्रांतिक सरकारला वाटले, की गव्हर्नर जनरलच्या संमतीने तिला 'गुन्हेगार' घोषित करता येई. मग त्या जमातीच्या माणसांची नोंदवही तयार होई. ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर जायचे तर परवाना लागे, आणि तो नसला तर शिक्षा होई. सर्वांत कठोर तरतूद वेगळीच होती: या घोषणेच्या वैधतेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. अपराध सिद्ध करण्याची गरजच उरली नव्हती. जन्म हाच पुरावा होता.

३/ यामागचा युक्तिवाद हिंदुस्थानच्या समाजरचनेतून उचललेला होता. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या गुन्हा हाच ज्यांचा धंदा आहे अशाही जाती असल्याच पाहिजेत, असे कायदेमंडळापुढे मांडण्यात आले. या तर्कातील गफलत नीट पाहा. सुताराच्या मुलाच्या हाती वाकस येतो तो बापाच्या शेजारी बसून, दुसऱ्या धंद्याची दारे बंद असल्यामुळे. तो रक्तातून उतरत नाही. वारशाने आलेला व्यवसाय आणि शरीरातून आलेला गुण या दोन गोष्टी येथे एकच मानल्या गेल्या.

४/ काळही या विचाराला अनुकूल होता. १८६९ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी बुद्धिमत्ता घराण्यांतून उतरते असे प्रतिपादन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. १८७६ मध्ये इटलीचे चेझारे लोंब्रोझो कवटीच्या आणि चेहऱ्याच्या ठेवणीवरून 'जन्मजात गुन्हेगार' ओळखण्याचा दावा करणार होते. ध्यानात घ्या, हिंदुस्थानातील कायदा लोंब्रोझोंच्या पुस्तकाच्याही पाच वर्षे आधीचा आहे. शास्त्राने सिद्धान्त मांडावा आणि मग सरकारने त्यावर कायदा करावा, असा क्रम येथे घडलाच नाही. प्रशासनाची सोय आधी आली, शास्त्राचा आधार नंतर सापडला.

५/ आता थोडे मागे आणि दूर जाऊ. जानेवारी १७८८ मध्ये ब्रिटनमधील शिक्षा झालेल्या कैद्यांचा पहिला तांडा ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उतरला. १८६८ पर्यंत १,६०,००० हून अधिक कैदी तेथे धाडण्यात आले. त्यांत चोर होते, खिसेकापू होते, दरोडेखोर होते. गुन्हेगारी खरोखरच रक्तातून उतरत असेल, तर त्यांची मुले कशी निघायला हवी होती?

६/ वसाहतीच्या चौकशीसाठी लंडनहून जॉन थॉमस बिग यांना पाठवण्यात आले. ते १८१९ मध्ये सिडनीला पोहोचले. बिग काही कैद्यांचे कैवारी नव्हते. शिक्षेचा धाक कमी झाला आहे, अशीच त्यांची तक्रार होती. तरीही वसाहतीत जन्मलेल्या पिढीविषयी १८२३ च्या अहवालात त्यांनी स्पष्ट नोंद केली, की ही मुले आईबापांना ठळक अपवाद आहेत; उंच, कष्टाला खंबीर, तापट पण डूख न धरणारी; आणि आईबापांचे दुर्गुण त्यांच्यात उतरलेले नाहीत.

७/ हे कसे घडले? वसाहतीत मजुरांची टंचाई असल्याने रोजगार मिळे आणि मजुरी बरी मिळे. पोटाला अन्न होते. शिक्षा भोगून झाल्यावर अनेकांना जमीन मिळाली. (ती तेथील मूळ रहिवाशांकडून हिरावलेली होती, हेही विसरता कामा नये.) लंडनच्या गल्लीत भाकरी चोरणाऱ्याच्या मुलाला येथे चोरी करण्याचे कारणच उरले नाही. रक्त तेच होते. भोवताल बदलला होता.

८/ म्हणजे १८७१ च्या कायद्यापूर्वी ४८ वर्षे साम्राज्याच्या हाती हा अनुभव लिखित स्वरूपात होता. मग हिंदुस्थानात भोवतालाकडे पाहिले असते तर काय दिसले असते? बंजारा समाज शतकानुशतके बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ वाहत असे. १८०३ च्या मराठा युद्धात आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेलाही बंजाऱ्यांनीच रसद पुरवली होती. १८५३ नंतर रेल्वे आली आणि ती वाहतूक मोडली. पारधी जंगलात फासे लावून शिकार करीत. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगलांवर सरकारची मालकी बसली. ज्यांची उपजीविका सरकारी धोरणाने बुडाली, तेच फिरस्ते समाज अनेक ठिकाणी 'गुन्हेगार' याद्यांत दिसू लागले.

९/ पुढचे चक्र कायद्यानेच फिरवले. परवान्याविना बाजाराला गेलेला माणूस गुन्हेगार ठरे. पोलिसांच्या नोंदवहीत नाव असलेल्याला काम कोण देणार? काम नाही म्हणून उपासमार, उपासमारीतून चोरी, चोरीतून नवी नोंद. वर्षाअखेरीस शिक्षांचे आकडे वाढलेले दिसत आणि 'पाहा, हे रक्तच तसे' असा निष्कर्ष निघे. कायद्याने निर्माण केलेली परिस्थिती आनुवंशिकतेचा पुरावा म्हणून वापरली जात होती.

१०/ गंमत अशी, की या कायद्याचा स्वतःच्या सिद्धान्तावरही विश्वास नव्हता. १८९७ च्या दुरुस्तीने ४ ते १८ वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहांत ठेवण्याची मुभा दिली. का? तर त्यांच्यावर वाईट संस्कार होऊ नयेत म्हणून! गुन्हा रक्तात असेल, तर चार वर्षांच्या लेकराला आईपासून दूर करून काय साधणार? दोषी ठरवताना आनुवंशिकता, आणि कुटुंब फोडताना परिस्थिती. दोन्ही सिद्धान्त सरकारच्या सोयीने वापरले गेले.

११/ १९११ मध्ये हा कायदा मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला आणि नोंदलेल्या माणसांचे बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार मिळाला. येथे पुन्हा गाल्टन भेटतात. ठशांच्या अभ्यासात त्यांनी वंश आणि स्वभाव यांच्या खुणा शोधल्या, पण त्या सापडल्या नाहीत. एकाच बीजातून जन्मलेल्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात. 'आनुवंशिक गुन्हेगारां'ची ओळख ज्या खुणेने पटवली जात होती, ती खूणच आनुवंशिकतेने पूर्णपणे ठरत नाही.

१२/ महाराष्ट्रात या कायद्याची सर्वांत ठळक खूण सोलापुरात आहे. तारेच्या कुंपणातील वसाहत, दिवसाची हजेरी आणि शहरातील कापड गिरण्यांना मिळणारे मजूर असे तिचे स्वरूप होते. त्या भागाला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात.

१३/ याच काळात कोल्हापूर संस्थानात उलट दिशेचा प्रयोग झाला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार, मांग, रामोशी, बेरड या समाजांवरील हजेरीची सक्ती बंद केली. ज्या फासेपारध्यांकडे जग चोर म्हणून पाहत होते, त्यांना त्यांनी नोकरी दिली, पहाऱ्याचे कामही सोपवले. विश्वास हीदेखील एक परिस्थितीच असते, हे महाराजांनी ओळखले होते.

१४/ मग आनुवंशिकता खोटीच का? मुळीच नाही. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांच्या अभ्यासांतून बुद्धी आणि स्वभाव यांवर जनुकांचा मोठा प्रभाव दिसतो. मात्र तो व्यक्ती-व्यक्तींतील फरकाविषयी असतो, जमाती-जमातींतील फरकाविषयी नव्हे. रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७० मध्ये दिलेले उदाहरण आपल्या मातीत असे सांगता येईल: ज्वारीच्या एकाच पोत्यातील अर्धे बी काळ्या रानात पेरा, अर्धे मुरमाड माळावर. एका रानातली ताटे कमीजास्त उंच होतील ती बियाण्याच्या फरकाने. पण दोन रानांतील पिकांचा फरक निव्वळ जमिनीचा असेल. माळावरचे खुरटलेले पीक पाहून बियाण्याला दोष देणे, हीच १८७१ ची चूक.

१५/ शिवाय बी आणि जमीन एकमेकांशी बोलतात. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले, की एका जनुकाचे विशिष्ट रूप असलेले मुलगे बालपणी छळ झाला असेल तर पुढे हिंसक वर्तनाकडे अधिक झुकत. छळ न झालेल्यांत तो कल दिसत नसे. पुढील सर्व अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक आढळला नाही, पण प्रश्न मांडण्याची रीत बदलली. 'रक्त की परिस्थिती' याऐवजी 'कोणत्या परिस्थितीत कोणते रक्त काय करते' असे विचारले जाऊ लागले.

१६/ ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण नोंदवह्या बंद झाल्या तरी नजर बदलली नाही. सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे ठिकठिकाणी आले, आणि गावात चोरी झाली की पहिला संशय पालावर जाणे सुरूच राहिले. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ मध्ये आले, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या समाजाला जन्मतः चोर ठरवले होते, त्याच समाजातील लेखकाने तो शिक्काच आपल्या पुस्तकाचे नाव केला.

१७/ 'खाण तशी माती' ही म्हण आपण सहज वापरतो. कोणाविषयी वापरतो, याकडे एकदा लक्ष द्या. आणि तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना गावच्या चावडीवरील हजेरीच्या आठवणी असतील, तर त्या लिहून ठेवा. सरकारी नोंदवह्या पोलिसांनी लिहिल्या. त्यांत नावे असलेल्यांची बाजू अजून पुरती लिहिली गेलेली नाही.