घरातून सुरू झालेली साक्ष

जॉन ग्रेग फी यांचा जन्म १८१६ साली अमेरिकेच्या केंटकी राज्यात झाला. वडील गुलामांचे मालक. पुत्र ओहायोतील लेन सेमिनरीत ईशज्ञान शिकण्यास गेला आणि तेथे त्याच्या विवेकाला टोचणी लागली. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावयाची, तर त्याला बाजारात विकावयाचे कसे?

प्रॉटेस्टंट पाळक होऊन ते केंटकीतच परतले. वडिलांकडील ज्युलेट माइल्स ही दासी त्यांनी पैसे मोजून विकत घेतली आणि मुक्त केली. पित्याने त्यांना वारशातून वगळले. परंतु ज्युलेटची मुले गुलामीतच राहिली. १८५८ मध्ये त्यांना ओहायो नदीपार नेताना ती पकडली गेली आणि तुरुंगातच तिचा अंत झाला. एका जिवाची सुटका म्हणजे अन्यायाचा अंत नव्हे, हा धडा फी यांना असा घरातच मिळाला.

१८५५ साली त्यांनी बेरिया येथे शाळा स्थापिली. १८५९ च्या डिसेंबरात सशस्त्र जमावाने त्यांच्या सहकाऱ्यांना राज्याबाहेर घालविले. यादवी युद्धात फी परतले, कॅम्प नेल्सनच्या कृष्णवर्णीय सैनिकांना त्यांनी शिकविले आणि १८६६ पासून बेरियात गोरी व काळी मुले एकत्र शिकू लागली. फी १९०१ मध्ये निवर्तले. १९०४ च्या कायद्याने हे सहशिक्षण बंद पाडले. १९५० मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा बेरियाचे दार सर्वांना पुन्हा उघडले.

वेदीवरून समतेचा उपदेश करणे आम्हा धर्मगुरूंना कठीण नाही. फी यांनी तो प्रथम स्वतःच्या पित्याच्या उंबरठ्यावर केला. आपण तो कोठे करतो?