एकच कोड, अनेक फोन

पोर्टिंग नावाचं काम आता कुणी करत नाही. २००५-०६ च्या सुमारास पुण्यात मोबाइल गेम बनवणाऱ्या ज्या छोट्या कंपन्या होत्या, तिथे मात्र नव्या माणसाच्या वाट्याला आधी तेच यायचं. माझ्याही आलं. गेम कुणा सीनियरने लिहिलेला असायचा. तो नोकिया, सोनी एरिक्सन, मोटोरोला, सॅमसंग, सीमेन्स अशा सगळ्यांच्या हँडसेटवर चालवून दाखवणं हे आमचं काम. कपाटात हँडसेटचे ट्रे, प्रत्येकाच्या पाठीवर मॉडेल नंबरची चिठ्ठी, आणि भिंतीवर एक मोठा तक्ता : कुठल्या फोनवर बिल्ड चाललं, कुठल्यावर अडलं. आज मुलं बायोडेटावर ‘क्रॉस-प्लॅटफॉर्म’ म्हणून जे स्पेशलायझेशन लिहितात, त्याची मुळं त्या तक्त्यापर्यंत जातात. करिअर निवडताना हा इतिहास माहीत असणं फार गरजेचं आहे असं मला वाटतं, कारण तो ठाऊक नसला की मुलं अवजाराच्या नावालाच स्पेशलायझेशन समजून बसतात.

‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ हे वचन सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावाबरोबर दिलं. फोनसाठी त्याच जावाची आटोपशीर आवृत्ती, जे२एमई, १९९९ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी एमआयडीपी १.० हा तिचा पहिला प्रमाण आराखडा ठरला. तो हँडसेट कंपन्यांनी मिळून ठरवलेला. जेवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं तेवढंच त्यात आलं. बाकीचं ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने भरलं.

म्हणजे काय, ते सॉफ्ट कीवरून सांगते. स्क्रीनच्या खाली डावी-उजवीकडे असलेली ही दोन बटणं. ‘मेनू’ आणि ‘मागे’ त्यांच्यावरच असायचं. एमआयडीपीने वर, खाली, डावं, उजवं, फायर यांना ठरलेली नावं दिली होती, सॉफ्ट कीला दिली नव्हती. त्यामुळे तेच बटण दाबलं की नोकियावर डावीकडून -६ आणि उजवीकडून -७ असे कोड यायचे, सीमेन्सवर -१ आणि -४, मोटोरोलाच्या बऱ्याच मॉडेलांवर -२१ आणि -२२. हे आकडे आम्हाला तोंडपाठ होते. पडद्यांचीही तीच तऱ्हा. नोकिया ६६१० चा पडदा १२८ बाय १२८ पिक्सेलचा, तर ६६०० चा १७६ बाय २०८. त्यात सुरुवातीच्या सीरिज ४० फोनवर अख्ख्या जार फाइलला ६४ केबीची मर्यादा. मग चित्रातले रंग कमी करायचे, दहा छोट्या चित्रांची एक लांब पट्टी करायची, क्लास एकमेकांत मिसळायचे, प्रोगार्ड चालवून व्हेरिएबलची नावं एकेका अक्षरावर आणायची, आणि तरीही फाइल बसली नाही तर एखादं लेव्हलच काढून टाकायचं.

एमआयडीपीने पडद्यावर काही दाखवायचे दोन मार्ग दिले होते, आणि पुढची सगळी गोष्ट त्या दोन मार्गांपासूनच सुरू होते. पहिला फॉर्मचा. ‘इथे एक बटण हवं, इथे मजकुराची चौकट हवी’ एवढं सांगायचं. ती कशी दिसणार ते फोन ठरवणार. दुसरा कॅनव्हासचा. कोरी पाटी मिळते, प्रत्येक ठिपका आपण रंगवायचा. फॉर्म वापरला की काम लवकर होई, पण प्रत्येक फोनवर ते वेगळं दिसे. कॅनव्हास वापरला की सगळीकडे सारखं दिसे, पण अक्षरं, स्क्रोल, बटण दाबल्याचा रंग, सगळं आपल्या गळ्यात. मराठी मजकूर हवा असला तर आम्ही अक्षरांची चित्रं करून ती चिकटवत असू, कारण बहुतेक हँडसेटमध्ये देवनागरी नव्हतीच.

२००७ मध्ये आयफोन आला. सुरुवातीला त्यावर बाहेरच्यांना अ‍ॅप लिहिता येत नव्हतं. वेबवर लिहा, असं स्टीव्ह जॉब्जनी जूनमध्ये सांगितलं. मार्च २००८ मध्ये डेव्हलपर किट जाहीर झालं आणि १० जुलैला सुमारे ५०० अ‍ॅप्स घेऊन अ‍ॅप स्टोअर उघडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला. एकाची भाषा ऑब्जेक्टिव्ह-सी, दुसऱ्याची जावा. शिवाय नोकियाचं सिम्बियन होतं, ब्लॅकबेरी होता, पुढे विंडोज फोनही आला. क्लायंट म्हणायचा, ‘सगळ्यांवर हवं’, आणि पैसे द्यायचा एका अ‍ॅपचे. सर्व्हिस कंपन्यांच्या गावात क्रॉस-प्लॅटफॉर्मची मागणी वाढली ती या हिशेबातून.

तिसरा मार्ग तेव्हाच निघाला. ऑगस्ट २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका आयफोन डेव्हलपर शिबिरात फोनगॅपचा जन्म झाला. अ‍ॅपच्या आत ब्राउझरची एक खिडकी ठेवायची, त्यात वेबपान चालवायचं आणि त्या पानातल्या जावास्क्रिप्टला कॅमेऱ्यापर्यंत, फोनबुकापर्यंत पोहोचायची वाट करून द्यायची. ते पुढे वाढवणारी नितोबी ही कॅनडातल्या व्हँकुव्हरची कंपनी २०११ मध्ये अडोबीने विकत घेतली आणि कोड अपाचेला दिला. त्याला कॉर्डोव्हा हे नाव मिळालं ते नितोबीच्या ऑफिसच्या रस्त्यावरून. त्याच काळात टायटेनियमने जावास्क्रिप्टमधून फोनची खरी बटणं हलवायला सुरुवात केली, आणि मोनोटचने आयफोनवर सी-शार्प आणलं. हे दोघेही फॉर्मच्या मार्गाचे वारस.

एप्रिल २०१० मध्ये जे घडलं, ते या व्यवसायात येणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावं. अ‍ॅपलने डेव्हलपर करारातलं ३.३.१ हे कलम बदललं : अ‍ॅप मुळातच ऑब्जेक्टिव्ह-सी, सी, सी-प्लस-प्लस किंवा वेबकिटमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असलं पाहिजे, मधल्या भाषांतराच्या थरातून आलेलं चालणार नाही. फ्लॅशमधून आयफोनचं अ‍ॅप बनवून देणारं अवजार अडोबी बाजारात आणत होती, त्याच्या तोंडावरच हा घाव बसला. मोनोटचवाल्यांचे, टायटेनियमवाल्यांचे चेहरे उतरले. आमच्याकडेही त्या कलमातला एकेक शब्द पुन्हा पुन्हा वाचला गेला, कारण निम्मा झालेला प्रोजेक्ट स्टोअरमध्ये जाईल की नाही हेच कळत नव्हतं. सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलने अट सैल केली आणि सगळे पुन्हा कामाला लागले. पण मधल्या थराचा मालक कितीही मोठा असो, तो दुसऱ्याच्या जमिनीवरचं कूळ असतो, हे त्या पाच महिन्यांत लख्ख दिसलं.

प्लॅटफॉर्मचा मालक तरी कायमचा असतो का? फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने विंडोज फोनशी हातमिळवणी केली आणि सिम्बियनचे दिवस भरले. सिम्बियनचं सी-प्लस-प्लस शिकायला वर्षं लागत : डिस्क्रिप्टर, क्लीनअप स्टॅक, दोन टप्प्यांत ऑब्जेक्ट घडवणं. हे सगळं कोळून प्यायलेली माणसं माझ्या ओळखीत होती. त्यांतले जे तगले, ते सिम्बियन पाठ होतं म्हणून नाही. अपुऱ्या मेमरीत प्रोग्राम कसा कोसळतो आणि कसा सावरायचा हे त्यांना कळत होतं, आणि ते ज्ञान अँड्रॉइडच्या खालच्या थरात, गाड्यांमधल्या यंत्रणांत तसंच्या तसं चाललं.

२०१२ मध्ये वेबच्या खिडकीलाही धक्का बसला. एचटीएमएल५ वर फार भिस्त ठेवणं ही आपली मोठी चूक होती, असं मार्क झुकरबर्ग जाहीरपणे म्हणाले आणि फेसबुकने आपलं आयफोन अ‍ॅप नव्याने नेटिव्ह लिहिलं. २०१३ मध्ये त्याच कंपनीतल्या एका हॅकेथॉनमधून रिअ‍ॅक्ट नेटिव्हची सुरुवात झाली. २०१५ च्या मार्चमध्ये ते आयफोनसाठी खुलं झालं, सप्टेंबरमध्ये अँड्रॉइडसाठी. विचार जावास्क्रिप्टमध्ये करायचा, दाखवायचं फोनच्या खऱ्या बटणांतून, आणि दोघांत निरोपांची देवघेव एका पुलावरून. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, म्हणजे एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद. लांब यादी बोटाने सरकवली की तेवढ्या वेळात निरोप जेसॉनमध्ये बांधून पलीकडे पाठवायचा, उघडायचा, उत्तर आणायचं. स्वस्त अँड्रॉइडवर हे जमत नसे आणि यादीच्या जागी पांढरा पडदा दिसे. २०१६ नंतर जिओमुळे डेटा स्वस्त झाला, हाताहातांत असेच फोन आले, आणि हा पांढरा पडदा आमच्या टेस्टिंगचा रोजचा विषय झाला. पूल काढून थेट हाक मारायची नवी रचना रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये आपोआप लागू झाली ती ऑक्टोबर २०२४ मधल्या ०.७६ आवृत्तीत.

जून २०१८ मध्ये एअरबीएनबीने रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सोडत असल्याचं कारणांसह सविस्तर लिहिलं. त्याच वर्षी ४ डिसेंबरला गूगलने फ्लटर १.० आणलं. त्याची रचना पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमचा कॅनव्हास आठवला. फोनकडे बटण मागायचंच नाही, प्रत्येक ठिपका आपण रंगवायचा. फक्त आता हाताशी स्कियासारखं ताकदवान इंजिन. कॅनव्हासचं ओझंही तेच. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी नीट उमटत नसे, त्यामुळे मराठी अ‍ॅप तपासताना मी आजही ‘दुसऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ हे शब्द आधी टाकून बघते. ‘ऱ्या’ची शेंडी जागेवर बसते का, कर्सर जोडाक्षराच्या मधोमध अडकतो का, आणि अंध माणसासाठी टॉकबॅक पडद्यावरचं बटण वाचून दाखवतो का. फोनची बटणं वापरली की यातलं बरंच आयतं मिळतं. स्वतः रंगवलं की फ्रेमवर्कने ते पुन्हा उभं करावं लागतं, आणि कुठे कमी पडलं तर आपल्यालाच निस्तरावं लागतं.

चौथा मार्ग म्हणजे पडदे ज्याचे त्याने लिहायचे आणि आतला हिशेब तेवढा एक ठेवायचा. ड्रॉपबॉक्सने तो सी-प्लस-प्लसमध्ये करून पाहिला आणि २०१९ मध्ये सोडला. त्यासाठी लागणारी अवजारं आणि माणसं सांभाळणं दोनदा लिहिण्यापेक्षा महाग पडतं, असा त्यांचा अनुभव. तीच कल्पना, अँड्रॉइडची जावानंतरची भाषा जी कोटलिन, तिच्या मल्टिप्लॅटफॉर्मने उचलली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते पक्कं म्हणून जाहीर झालं.

आता वयांचा हिशेब बघा. फोनगॅप २००८ मध्ये आलं, अडोबीने २०२० मध्ये बंद केलं. मोनोटचवाल्यांनी २०११ मध्ये झामारिन काढली, २०१६ मध्ये ती मायक्रोसॉफ्टने घेतली, आणि १ मे २०२४ ला झामारिनचा आधार संपला. दोन्ही वेळा बारा-तेरा वर्षं. नोकरीचं आयुष्य मात्र पस्तीस वर्षांचं. शेवटच्या वर्षाची मुलं मला ‘फ्लटर शिकू की रिअ‍ॅक्ट नेटिव्ह?’ असं विचारतात, तेव्हा हा हिशेब मी आधी मांडते. अवजारं गेली, मार्ग गेले नाहीत : फोनची बटणं मागणं, स्वतः रंगवणं, वेबची खिडकी, आणि फक्त आतला हिशेब वाटून घेणं. ज्याला या चारही मार्गांची किंमत कळते, त्याचं स्पेशलायझेशन जुनं होत नाही.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे. आधी एक प्लॅटफॉर्म मुळापासून शिका. बहुतेकांनी अँड्रॉइड आणि कोटलिनपासून सुरुवात करावी. फोन हातात असतो आणि कुठलाही बरा लॅपटॉप चालतो. आयफोनचं बिल्ड करायला एक्सकोड लागतं आणि एक्सकोडला मॅक. तो घरच्यांना कर्ज काढायला लावून घेऊ नका. कॉलेजच्या लॅबमध्ये, इंटर्नशिपच्या ठिकाणी हात मारून घ्या, पण आयफोनची आजची भाषा स्विफ्ट टाळू नका. मग फ्रेमवर्क निवडा, आणि ते कामाकडे बघून निवडा. कंपनीची वेबसाइट रिअ‍ॅक्टमध्ये असेल आणि माणसं तीच असतील तर रिअ‍ॅक्ट नेटिव्ह. दोन्ही फोनवर तंतोतंत एकच रूप हवं असेल तर फ्लटर. अँड्रॉइडचं जुनं, भक्कम कोटलिन हाताशी असेल तर मल्टिप्लॅटफॉर्म. आणि निवडलेल्या फ्रेमवर्कसाठी एक तरी प्लगइन स्वतः लिहा : ब्लूटूथचं, लोकेशनचं, कशाचंही. एका बाजूला कोटलिन, दुसऱ्या बाजूला स्विफ्ट, मधला सांधा तुमचा. पडदे बनवणारे पुष्कळ मिळतात. सांधा गळायला लागला की खाली उतरून बघणारं माणूस टीममध्ये अवघं एखादं असतं.

मुलाखतीत मी फ्रेमवर्कवर फारसं विचारत नाही. विचारते ते असं : वापरणाऱ्याने होम बटण दाबलं, आपलं अ‍ॅप मागे गेलं, फाइल अपलोड अर्धीच झाली आहे, आता अँड्रॉइडवर काय होईल आणि आयफोनवर काय होईल? अँड्रॉइड ते काम वर्कमॅनेजरसारख्या यंत्रणेकडे सोपवू देतो. आयफोन अ‍ॅपला थोडासा वेळ देऊन गोठवतो, आणि अपलोड पुरं व्हायला हवं असेल तर ते आधीच बॅकग्राउंड सेशनच्या हवाली करावं लागतं. हे ज्या मुलीला सांगता येतं, तिने आज फ्लटरच्या डार्टमध्ये लिहिलं काय आणि उद्या न जन्मलेल्या भाषेत लिहिलं काय, तिचं काम अडणार नाही. मी तिला त्याच दिवशी हो म्हणते.