बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती माणसांविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले, त्यात एक तारीख हटकून आढळते. बाबा पदमनजी : ३ सप्टेंबर १८५४, बेळगाव. पंडिता रमाबाई : २९ सप्टेंबर १८८३, वाँटेज. नारायण वामन टिळक : १० फेब्रुवारी १८९५, मुंबई. या बाप्तिस्म्याच्या तारखा. मिशनच्या अहवालांना त्या हव्या होत्या, कारण त्यांवरून कार्याची मोजदाद होत असे. विरोधी वृत्तपत्रांनाही त्याच हव्या होत्या, कारण त्या दिवशी आपले एक माणूस 'गेले' असे त्यांना म्हणता येत असे. दोन्ही पक्षांचे हेतू परस्परविरुद्ध, पण हिशोबाची वही एकच. ज्यांच्या नावापुढे या तारखा पडल्या, त्यांनी मात्र आपल्या आयुष्याचा जमाखर्च निराळा मांडला आहे. देवाशी आपले नाते केव्हा जुळले, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर त्या एका तारखेत मावत नाही. कोणाचे तिच्या कितीतरी आधी सुरू होते, कोणाचे तिच्यानंतर काही वर्षांनी. प्रस्तुत लेखात हा निराळा जमाखर्च पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे, आणि त्याच्या मध्यभागी अर्थातच रमाबाई आहेत.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. आईवडील व थोरली बहीण दुष्काळाच्या हालअपेष्टांत गेली होती, पुढे भाऊ गेला, पती बिपिनबिहारी गेले, आणि पदरी लहानगी मनोरमा होती. कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या देऊन गौरविलेली ही स्त्री वाँटेज येथील एका अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाला राहिली व त्याच वर्षी तिने बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागची कारणे त्यांनी स्वतःच नोंदविली आहेत. नेहेम्या गोरे, म्हणजे पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री, यांच्या लेखनाने त्यांच्या बौद्धिक शंका फिटल्या. लंडनजवळ फुलहॅम येथे, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना भगिनीसंघाच्या बायका प्रेमाने वागवतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्या वागणुकीचे मूळ विचारता त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा दाखविण्यात आली. शास्त्रार्थात मुरलेल्या बुद्धीला प्रमाण मिळाले आणि पोळलेल्या मनाला करुणा दिसली. बाप्तिस्म्याला याहून अधिक काय हवे, असे कोणीही म्हणेल.

पण याच काळातील त्यांचा पत्रव्यवहार वेगळेच सांगतो. सिस्टर जेराल्डीन यांनी जतन केलेली ही पत्रे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत रमाबाई सतत भांडताना दिसतात. त्रैक्याचा सिद्धान्त, धर्माधिकाऱ्यांचा अधिकार, बायबलमधील चमत्कार, साऱ्यांवर त्यांचे प्रश्न आहेत. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती संस्कृतात का नसावीत, असाही वाद आहे. जेराल्डीनबाईंना यात अहंकार दिसला. आम्हांस त्यात एका प्रामाणिक माणसाची अस्वस्थता दिसते. एका घराण्याचे शास्त्र सोडून आलेली ही स्त्री दुसऱ्या घराण्याचे शास्त्र मुकाट्याने डोक्यावर घ्यायला तयार नव्हती. तिला धर्म मिळाला होता. त्या धर्मात ज्याच्याशी बोलायचे, तो अद्याप भेटला नव्हता.

हे आमचे अनुमान नव्हे. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनीच ही कबुली दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला आहे पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त गवसलेला नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. या जाणिवेला निमित्त झाले एका पुस्तकाचे. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे ते आत्मकथन. हॅस्लम हे कॉर्नवॉलमधील एका चर्चचे धर्मगुरू. अनेक वर्षे उपासना चालविल्यानंतर १८५१ मध्ये एका रविवारी, स्वतःचेच प्रवचन चालू असताना, त्यांना आपला उद्धार झाल्याची प्रचीती आली, आणि 'आमच्या पाद्रीबुवांचे परिवर्तन झाले' म्हणून समोरच्या मंडळीत एकच गलबला झाला. व्यासपीठावरचा माणूसच जर आतून कोरा राहू शकतो, तर आपले काय, हा प्रश्न रमाबाईंना पडल्यावाचून राहिला नाही. पापाचे ओझे आपल्या कोणत्याही पुण्याईने उतरणार नाही, ते ख्रिस्ताने आपल्यासाठी उचलले आहे, आणि हे 'आपल्यासाठी' म्हणजे अगदी माझ्या एकटीसाठी, असा त्यांचा निश्चय झाला. पुढे त्या ज्याला आपला नवा जन्म मानतात, तो हा. वाँटेजच्या नोंदवहीत त्याचा उल्लेख असण्याचे कारण नाही.

हा अनुभव एकांतातला खरा, पण त्याचे पडसाद चारचौघांत उमटले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन १८९० च्या अखेरीस पुण्यास आले होते. अमेरिकन देणगीदारांशी आणि इथल्या सुधारकांशी झालेला करार असा, की विधवांच्या या शाळेत कोणावरही धर्म लादला जाणार नाही. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणाला बोलावीत नाही, पण माझ्या खोलीत मी प्रार्थना करीन आणि तिचे दार लावून घेणार नाही. त्या उघड्या दाराशी मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. 'केसरी'ने टीका केली हे सर्वश्रुत आहे, परंतु रानडे-भांडारकर हे काही सनातनी नव्हते. ते प्रार्थना समाजाचे, एकेश्वरी उपासना करणारे. त्यांचा आक्षेप विश्वासाच्या प्रश्नावर होता : ज्या पालकांनी शिक्षणासाठी मुली सोपविल्या, त्यांना दिलेल्या शब्दाचे काय? आम्हांला हा आक्षेप रास्त वाटतो. आणि तरीही, ज्या स्त्रीला तिचा देव नुकताच जिव्हाळ्याने भेटला आहे, तिने दाराला कडी घालून त्याच्याशी बोलावे, ही अपेक्षाही सोपी नव्हती. १८८३ च्या रमाबाई कदाचित दार लावू शकल्या असत्या. १८९१ नंतरच्या रमाबाईंना ते जमले नाही. या वादाचा इतिहास सांगताना मधल्या वर्षांत काय घडले, हे सांगितलेच पाहिजे, ते एवढ्यासाठी.

पुढील अंक केडगावचा. १८९६-९७ च्या आणि त्यानंतर १८९९-१९०० च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांत व गुजरातेतून शेकडो मुली आणि विधवा सोडवून आणल्या. दौंड तालुक्यातील केडगावी, पुणे-सोलापूर लोहमार्गालगत, मुक्ती सदन उभे राहिले, आणि नव्या शतकाच्या आरंभी तेथील वस्ती सुमारे २००० वर गेली. त्यांपैकी अनेकींनी बाप्तिस्मा घेतला होता. येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. जिला अन्न, वस्त्र आणि निवारा एकाच हातातून मिळतो, तिच्या होकाराला स्वतंत्र होकार म्हणावे काय? टीकाकारांनी तो विचारला आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. आमच्या मते रमाबाईंनाही तो, निराळ्या शब्दांत, जाणवत होता. नावाने ख्रिस्ती झालेल्या या मुलींना ख्रिस्त स्वतःहून ठाऊक आहे का, ही त्यांची काळजी होती. जे आपल्या बाबतीत आठ वर्षे राहून गेले, ते यांच्या बाबतीत कायमचे राहून जाऊ नये.

जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी मुलींना रोज एकत्र प्रार्थनेस बसण्याचे आवाहन केले. प्रारंभी सत्तरएक जणी आल्या. जूनपर्यंत हा आकडा पाचशेच्या पुढे गेला. वेल्समध्ये १९०४ पासून जागृतीची लाट होती, तेथील मिशनऱ्यांमार्फत ती खासी टेकड्यांत पोहोचली होती, आणि त्या वार्ता केडगावीही येत होत्या. जूनच्या अखेरीस मुक्ती सदनात जे घडले, त्याची वर्णने समकालीनांनी करून ठेवली आहेत. मुली रडत होत्या, मोठ्याने आपली पापे कबूल करीत होत्या, शेकडो जणी एकाच वेळी प्रार्थना करीत होत्या, आणि त्यानंतर टोळ्याटोळ्यांनी आसपासच्या गावांत साक्ष देत हिंडत होत्या. अनोळखी भाषांत बोलण्याचे प्रकारही झाले, पण तीच देवाच्या कृपेची एकमेव खूण, असे मुक्ती सदनात मानले गेले नाही. मिनी एब्रम्स या तेथील अमेरिकन कार्यकर्तीने १९०६ मध्ये या जागृतीवर पुस्तिका लिहिली. ती चिलीतील वाल्पाराइसो येथे हूव्हर दांपत्याच्या हाती पडली, आणि १९०९ च्या तेथील जागृतीमागे तिची प्रेरणा मानली जाते. लॉस एंजेलिसच्या ज्या अझुसा स्ट्रीटवरून पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास साधारणपणे सुरू केला जातो, तेथील सभा एप्रिल १९०६ च्या. केडगाव त्याआधीचे आहे. जगाच्या धर्मेतिहासात नोंद व्हावी अशी ही घटना आमच्या मराठी इतिहासग्रंथांत जेमतेम एका वाक्याची धनी झाली आहे.

बाह्य आविष्कारांविषयी ज्याचे त्याने मत बनवावे. आमचे लक्ष वेधते ते दुसरेच. दुष्काळाने जिचे सर्व हिरावले, जिला कोणीतरी उचलून आणले, जिच्या वतीने नेहमी दुसऱ्यानेच निर्णय घेतला, अशी मुलगी प्रथमच उभी राहून 'मी' म्हणून बोलू लागली. स्वतःची पापे सांगायला तरी स्वतःचे असे काही असावे लागते! होकाराच्या स्वातंत्र्याचा वर उपस्थित केलेला प्रश्न याने पूर्ण सुटत नाही, पण त्याचे उत्तर शोधायचे तर ते बाप्तिस्म्याच्या यादीपेक्षा या आवाजांत शोधावे लागेल.

रमाबाईंचा अनुभव अपवादात्मक होता काय? इतरांकडे पाहता तसे वाटत नाही. बाबा पदमनजींनी १८८८ मधील आपल्या आत्मचरित्राला 'अरुणोदय' हे नाव दिले. उजाडणे हे काही एका क्षणाचे काम नाही, आणि परमहंस मंडळीतल्या दिवसांपासून बेळगावच्या बाप्तिस्म्यापर्यंत त्यांचा प्रकाश हळूहळूच वाढत गेला. लक्ष्मीबाई टिळकांचा मार्ग तर आणखी निराळा. पतीच्या बाप्तिस्म्याने त्यांचा संसार काही वर्षे दुभंगला. नगरला पतीकडे परतल्या त्या सोवळ्याओवळ्यासकट. 'स्मृतिचित्रे' वाचणारास ठाऊक आहे की त्यांनी आधी जात सोडली, माणसाने केलेले भेद देवाचे असू शकत नाहीत अशी मनाची खात्री करून घेतली, आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ग्रंथप्रामाण्य नाही, अश्रुपात नाही. स्वयंपाकघरातून आणि पाण्याच्या भांड्यावरून त्या देवापाशी पोहोचल्या, आणि नवऱ्याच्या मागोमाग जाऊनही त्यांचा निर्णय त्यांचाच राहिला.

रेव्हरंड टिळकांनी तर उतारवयात पुन्हा आरंभ केला. बाप्तिस्म्याला बावीस वर्षे झालेली, १९०४ पासून पाळकपद, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन, मंडळीत मानमान्यता; आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडून संन्यास घेतला. साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला आणि त्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले दोघांनाही जागा ठेवली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे मानणाऱ्या या कवीला नोंदवहीची रेघ आता पुरेशी वाटत नव्हती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले, आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण पन्नाशी उलटलेल्या धर्मोपदेशकाने देवाशी असलेले आपले नाते पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरू करावे, ही घटना दरबाराच्या यशापयशावर अवलंबून नाही.

खरे तर हे सारे समजून घेण्याची सामग्री मराठी वाचकापाशी आधीपासूनच आहे. तुकोबांनी आपल्या अनुग्रहाची तिथी सांगितली आहे : माघ शुद्ध दशमी, गुरुवार. पण म्हणून कोणी त्यांची गाथा त्या गुरुवारी संपवीत नाही. त्यानंतरची तळमळ, रुसवा, देवाशी केलेली भांडणे आणि पुन्हा जडलेली प्रीती, यांनाच आपण तुकारामांचे चरित्र म्हणतो. संताला आपण जी मुभा देतो, ती रमाबाईंना देताना मात्र आपला हात आखडतो. तिथे आपल्याला तारीख, ठिकाण आणि साक्षीदार पुरतात.

आम्ही नवी मुंबईत मराठी शिकवितो. सिडकोने १९७० नंतर वसविलेल्या या शहरात नगर (आताचे अहिल्यानगर), जालना, सोलापूरकडून आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे आहेत, तशीच मल्याळी, तमिळ, कोकणी बोलणारीही आहेत. वाशी-नेरूळच्या चर्चमध्ये आणि भाड्याच्या सभागृहांत रविवारी ती जमतात. त्यांतील बहुतेकांच्या घराण्यात बाप्तिस्मा दोन-चार पिढ्यांपूर्वी, काहींच्या तर कित्येक शतकांपूर्वी होऊन गेला. 'तुम्ही धर्म कधी बदललात?' हा प्रश्न त्यांना विचारणे गैरलागू आहे. त्यांनी तो बदललेलाच नाही, त्यांना तो आजीकडून मिळाला. परंतु रमाबाईंचा १८९१ चा प्रश्न त्यांच्यापुढेही तसाच आहे, आणि तो केवळ त्यांच्यापुढे आहे असेही नाही. वारशाने आलेल्या देवाला माणूस स्वतः कधी भेटतो, हे ज्याच्या घरी देव्हारा आहे त्यानेही स्वतःला विचारावे असे आहे.

'स्मृतिचित्रे' किंवा रमाबाईंची साक्ष वर्गात काढली, की पहिला प्रश्न येतो तो 'धर्म का सोडला?' हा. प्रश्न अयोग्य नाही, पण त्याने पुस्तकाचे पहिलेच पान उघडते. पुढची पाने वाचायची असतील तर दुसरा प्रश्न विचारावा लागतो : सोडल्यानंतर काय सापडले, आणि ते सापडायला किती वर्षे लागली? रमाबाईंना आठ लागली. मग आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत राहिल्या, खेड्यातल्या बाईला वाचता येईल अशा सोप्या मराठीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि तो ग्रंथ त्यांच्या मागून, १९२४ मध्ये, मुक्ती सदनाच्या छापखान्यात छापून बाहेर पडला. आपल्याला जे उशिरा गवसले ते दुसरीला तरी लवकर गवसावे, एवढ्यासाठी केलेला हा खटाटोप होता.