द्राक्षाची थंडी आणि आमचा मोह

आमच्या भंडाऱ्यात द्राक्षं पिकत नाहीत. इकडे धान, तलाव आणि पितळेची भांडी. द्राक्षं येतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिककडून, खोक्यांत भरून, आणि मग चौकाचौकात हातठेल्यांवर त्यांचे ढीग लागतात. तेव्हा द्राक्षाच्या इतिहासावर मी लिहायला बसलोय हे पाहून आमची नातेवाईक मंडळी हसणार, हे ठाऊक आहे. त्यातून मी वाइनचा थेंबही कधी चाखलेला नाही. पण शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं. एखाद्या वस्तूची चव माहीत नसली तरी तिची कुळकथा ऐकायला मला आवडते.

तर कुळकथा अशी. युरोपात द्राक्ष म्हटलं की आपल्याला फ्रान्स, इटलीचं ऊन आठवतं. पण त्याच्याही उत्तरेला, जिथे द्राक्ष पिकावंच कसं असा प्रश्न पडतो, तिथे माणसांनी शेकडो वर्षं हट्टानं वेली जगवल्या. जर्मनीतलं मोझेल नदीचं खोरं साधारण ५० अक्षांशावर आहे. आपलं नाशिक २० वर आणि भंडारा २१ वर, म्हणजे केवढं अंतर बघा! तिथे ऊन कमी, म्हणून वेली लावतात त्या नदीकाठच्या उभ्या कड्यांवर, दक्षिणेकडे तोंड करून. जमीन काळ्या पाटीच्या दगडाची. दिवसा तो दगड तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. ज्या पाटीवर आपण अक्षरं गिरवली, त्याच जातीच्या दगडावर तिकडे द्राक्षं पिकतात!

स्वित्झर्लंडमध्ये जिनेव्हा सरोवराच्या काठी लावो नावाचा भाग आहे. तिथले मठवासी साधू बाराव्या शतकात डोंगर फोडून, दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांचे मळे करू लागले. तिथले लोक म्हणतात, आमच्या द्राक्षाला तीन सूर्य आहेत: एक आकाशातला, दुसरा सरोवराच्या पाण्यातून परतणारा आणि तिसरा बांधाच्या दगडात साठलेला. २००७ मध्ये युनेस्कोनं हा भाग जागतिक वारशात घेतला.

या थंड मुलखातला मानाचा वाण म्हणजे रिस्लिंग. त्याची सर्वांत जुनी नोंद १४३५ सालची आहे. ऱ्हाइनजवळच्या रुसेल्सहाइम गावी एका सरदाराच्या हिशेबाच्या वहीत रिस्लिंगच्या वेली विकत घेतल्याचा खर्च मांडलेला आहे. एका कारकुनानं एका ओळीत खर्च लिहिला, आणि जवळजवळ सहाशे वर्षांनी भंडाऱ्यातला एक म्हातारा ती गोष्ट वाचतो. नोंदीचं महत्त्व मी वर्गात नेहमी सांगायचो, पण असं उदाहरण तेव्हा हाताशी नव्हतं.

आता आपल्याकडे येऊ. द्राक्ष महाराष्ट्रात काल-परवा आलं असं पुष्कळांना वाटतं. पण चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा तिथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात असं त्यानं लिहून ठेवलं. या ‘दोनदा’मध्ये मोठी मेख आहे.

थंड देशात वेलीचं घड्याळ हिवाळा चालवतो. पानं गळतात, वेल झोपते, वसंतात जागी होते आणि शरदात एकदाच फळ देते. आपल्याकडे तिला झोपवणारा हिवाळाच नाही. मोकळी सोडली तर वेल बारा महिने हिरवी वाढत राहील, पण घडांचा नेम नाही. मग आपल्या बागायतदारांनी काय केलं? कात्रीलाच हिवाळा केलं! एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्यानंतर उन्हाळ्यात नवी काडी वाढते आणि तिच्या डोळ्यांत पुढच्या घडांची बीजं धरतात. मग ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. वेल वेळेवर आणि एकसारखी फुटावी म्हणून डोळ्यांना औषधाची पेस्ट लावायची. साधारण चार महिन्यांनी घड उतरतात. दोन छाटण्या आणि एक पीक. युरोपात जे काम हिमवर्षाव फुकट करतो, ते आपल्याकडे मजुरांचे हात करतात. गंमत म्हणजे जी थोडी थंडी आपल्याकडे असते, तिची बागायतदाराला धास्तीच फार. निफाडचा पारा उतरल्याची बातमी आपण पेपरात कौतुकानं वाचतो, पण तिथला शेतकरी त्या रात्री मणी तडकतील या काळजीनं बागेत शेकोट्या पेटवून बसलेला असतो.

वाणांची कथाही अशीच. आपलं बिनबियांचं थॉमसन हे पश्चिम आशियातलं द्राक्ष. कॅलिफोर्नियात विल्यम थॉमसन नावाच्या माणसामुळे त्याला हे नाव मिळालं आणि त्या नावानं ते आपल्याकडे आलं. पुढे आपल्याच शेतकऱ्यांनी त्यातून नवे वाण शोधले. तासगाव भागातल्या वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश निवडला, तर सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका. प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही. हजार वेलींत एक फांदी वेगळी दिसली, ती नजरेनं टिपली आणि जपली.

वाइनचा धंदा मात्र अलीकडचा. १९८०च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्र आणून शॅम्पेनच्या धर्तीची वाइन काढली. नाशिकला राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, करात सवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला. शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळेल, असा सरकारचा मुद्दा होता. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय अडला.

तो वाद वाचताना माझं मन मात्र आमच्या मोहाच्या झाडाखाली गेलं.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात. आमच्या जंगलालगतच्या गावांत त्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असायचा. पोरं आईबरोबर टोपली घेऊन झाडाखाली. हजेरीपटावर मी गैरहजर मांडायचो, पण रागवायचो नाही. त्या वाळवलेल्या फुलांवर घरचं मीठ-मिरची चालायची आणि टंचाईत पोटही भरायचं. द्राक्षासारखीच त्यात साखर भरपूर, म्हणून दारूही होते. पण या फुलाचं नशीब वेगळं निघालं. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८७८ चा अबकारी कायदा केला आणि सरकारी महसुलासाठी घरोघरच्या भट्ट्या बंद पाडल्या. १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठीच वेगळा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४९च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवरची बंधनं राहिली. महाराष्ट्रात ती सैल व्हायला २०२१ साल उजाडलं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईला घरातल्या फुलांच्या पोत्यापायी दोन दिवस चौकीच्या चकरा माराव्या लागल्या होत्या. पोरगं आठवडाभर शाळेत आलं नाही.

मी दारूचा वकील नाही. हातभट्टीनं उद्ध्वस्त झालेली घरं मी जवळून पाहिली आहेत. ज्या बायका मतदान करून गावात बाटली आडवी करतात, त्यांना माझा नमस्कार आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तिच्यामागेही अशाच बायकांचे कष्ट आहेत. पण दारू वाईट असेल तर ती उंच पेल्यातलीही वाईट. आणि फळ-फूल हा शेतमाल असेल तर मोहफूलही शेतमालच. एकाला धोरण आणि दुसऱ्याला धाड, हा हिशेब मला काही केल्या जुळत नाही.

त्याहून मोठी खंत वेगळीच आहे. रिस्लिंगची नोंद सरदाराच्या खर्चाच्या वहीत झाली, मोहाची मात्र पंचनाम्यात. खरं तर कोणत्या झाडाचं फूल गोड, कोणत्याचं उशिरा गळतं, कोणतं लाडवाला चांगलं, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना झाडागणिक तोंडपाठ असतं. वसंतराव आर्व्यांनी वेलीवर ठेवली तीच ही नजर. फक्त या झाडांना कुणी नावं दिली नाहीत, आणि ते ज्ञान कुठे लिहिलंही गेलं नाही.

म्हणून आमच्या घरातल्या नागपूर-पुण्याच्या पोरांना आणि वाचक मंडळींना एवढंच सांगणं आहे. आपापल्या आजीला मोहाबद्दल विचारा. ती काय सांगते ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून, एखाद्या वहीत लिहून ठेवा. खर्चाची वहीही चालेल.